आद्य पृथ्वी आणि जीवाची शक्यता : खान्देशातील शाळेत हा विषय कसा शिकवावा

नववी-दहावीच्या मुलांना आद्य पृथ्वीविषयी सांगू लागले की एक प्रश्न हमखास येतो : तेव्हा हवेत ऑक्सिजन नव्हता, तर मग जीव जगला कसा? या प्रश्नाचे उत्तर नीट देता आले तर निम्मा विषय शिकवून झाला असे समजावे. प्रश्नाच्या मुळाशी आजच्या पृथ्वीलाच माप मानण्याची सवय असते आणि ती सुटल्याखेरीज पुढचे काहीही मुलांच्या गळी उतरत नाही. सुदैवाने जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत या विषयासाठी लागणारी साधने हाताशी आहेत. नदीचा गाळ, काळा दगड, खदानीतल्या गारगोट्या, बोअरचे जड पाणी आणि सातपुड्याच्या पायथ्याचे गरम पाण्याचे झरे एवढ्यावर हा विषय चांगला उभा राहतो. दिवाळीच्या सुटीनंतर सुरुवात करावी आणि होळीच्या आत संपवावे. त्यापुढे आपल्याकडचे ऊन बहुतेक प्रयोगांना मानवत नाही.

शिकवणाऱ्याने एक शिस्त मात्र पहिल्या दिवसापासून पाळावी. खडकात सापडलेला पुरावा, प्रयोगशाळेत घडवून दाखवलेली शक्यता आणि अजून वादात असलेला तर्क ही तिन्ही एकाच सुरात सांगू नयेत. जीव नेमका कसा आणि कोठे सुरू झाला हे आज कोणालाही ठामपणे सांगता येत नाही, आणि ते मुलांपासून लपवण्याचे काहीच कारण नाही.

बाटली सर्वांत आधी भरावी

या प्रयोगाला सहा ते आठ आठवडे लागतात, म्हणून तो आधी लावून ठेवावा. सर्गेई विनोग्राडस्की या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने १८८०च्या दशकात ही पद्धत वापरात आणली. दोन लिटरची पारदर्शक प्लास्टिकची बाटली घ्यावी आणि तिचा वरचा निमुळता भाग कापून टाकावा. तापी, गिरणा, वाघूर, पांझरा यांपैकी जी नदी जवळ असेल तिच्या काठावरच्या साचलेल्या डबक्यातून काळसर, किंचित वास येणारा गाळ आणावा. वाहत्या धारेतली वाळू येथे उपयोगाची नाही. गाळातले खडे आणि काड्या काढून निम्मा गाळ बादलीत घ्यावा. त्यात वर्तमानपत्राच्या एका पानाचे बारीक तुकडे, दोन अंड्यांच्या टरफलांची किंवा नदीकाठच्या शिंपल्यांची पूड आणि कृषी सेवा केंद्रात मिळणारे जिप्सम दोन चमचे घालून, नदीचेच पाणी टाकत, मिश्रण पळीवाढे करावे. ते बाटलीच्या तळाशी एक तृतीयांशापर्यंत भरावे, त्यावर उरलेला साधा गाळ तेवढाच भरावा आणि वर चार बोटे पाणी राहील असे पाहावे. काठीने ढवळून अडकलेली हवा काढून टाकावी. तोंडावर प्लास्टिकचा कागद बांधून त्याला टाचणीने भोके पाडावीत, कारण आत वायू तयार होतो आणि घट्ट झाकण धोक्याचे ठरते. बाटली उत्तरेकडच्या खिडकीत ठेवावी, जेथे उजेड भरपूर येतो पण ऊन थेट पडत नाही. पाणी आटेल तसे वरून घालत राहावे. गाळ हाताळताना हातमोजे घालावेत आणि काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत.

साधारण दोन-तीन आठवड्यांत तळाशी काळे ठिपके दिसू लागतात आणि पुढे ते एकमेकांत मिसळून काळा थर होतो. जिप्सममधल्या सल्फेटवर जगणारे जिवाणू हायड्रोजन सल्फाइड सोडतात, तो वायू गाळातल्या लोहाशी संयोग पावतो आणि काळे लोह सल्फाइड तयार होते. आपली काळी माती लोहयुक्त खडकाची असल्यामुळे हा थर चांगला गडद येतो. सर्वांत वर, पाण्यालगत, हिरवा थर धरतो. मुलांना भिंगातून पाहायला लावायचा भाग या दोहोंच्या मध्ये आहे : उजेडाकडच्या बाजूला जांभळट-तांबूस पट्टा आणि त्याखाली मळकट हिरवा. हे जिवाणू प्रकाशसंश्लेषण करतात, पण पाण्याऐवजी हायड्रोजन सल्फाइड वापरतात आणि ऑक्सिजन सोडत नाहीत. बाटलीच्या तळाशी ऑक्सिजन पोहोचतच नाही, तरीही तेथे सजीव आहेत, वाढत आहेत आणि एकमेकांच्या टाकाऊ पदार्थांवर जगत आहेत. मुलांच्या पहिल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे डोळ्यांनी दिसते. बाटलीतले जिवाणू आजचे आहेत, आद्य पृथ्वीवरचे नव्हेत, एवढे मात्र स्पष्ट सांगावे.

४५ मीटरची सुतळी

मैदानात ४५.४ मीटर लांबीची सुतळी ताणून बांधावी. पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे आहे, म्हणजे १ मीटरला १० कोटी वर्षे, १ सेंटिमीटरला १० लाख वर्षे आणि १ मिलिमीटरला १ लाख वर्षे असे सोपे प्रमाण बसते. क्लेअर पॅटर्सन यांनी १९५६ साली उल्कांमधील शिशाच्या समस्थानिकांवरून हे वय ४५५ कोटी वर्षे काढले, आणि त्यानंतरच्या मोजमापांनी त्यात फारसा फरक पडलेला नाही. सुतळीवर खुणांसाठी दोन रंगांच्या चिंध्या बांधाव्यात : ज्याचा भक्कम पुरावा खडकात आहे त्याला लाल, ज्यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत त्याला पांढरी.

सुरुवातीच्या टोकापासून पहिल्या मीटरच्या आतच मंगळाएवढा एक पिंड पृथ्वीवर आदळला आणि उडालेल्या द्रव्यातून चंद्र घडला, असे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. १.४ मीटरवर पहिली लाल चिंधी बांधावी. पश्चिम ऑस्ट्रेलियातील जॅक हिल्स येथे सापडलेला झिरकॉन या अतिशय टिकाऊ खनिजाचा कण ४४० कोटी वर्षांचा आहे, आणि त्यातील ऑक्सिजनच्या समस्थानिकांचे प्रमाण असे आहे की त्या काळी पृष्ठभागावर द्रवरूप पाणी असावे असा निष्कर्ष निघतो. कॅनडातील अकास्टा येथील, ४०३ कोटी वर्षांच्या खडकाची लाल चिंधी ५.१ मीटरवर येते. ४.४ मीटरवर पांढरी बांधावी : ४१० कोटी वर्षांच्या एका झिरकॉनमध्ये ग्रॅफाइटचा सूक्ष्म अंश मिळाला असून त्यातील कार्बन जैविक असू शकतो असे २०१५ साली मांडले गेले, पण ते सर्वांना मान्य नाही. ग्रीनलंडमधील ३७० कोटी वर्षांच्या खडकातील थरांसाठीही ८.४ मीटरवर पांढरीच हवी. १०.६ मीटरवर मात्र लाल : पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या पिल्बारा भागात ३४८ कोटी वर्षांपूर्वीचे स्ट्रोमॅटोलाइट, म्हणजे सूक्ष्मजीवांच्या चटयांनी एकावर एक रचलेले दगडी थर, आजही पाहता येतात.

येथे मुलांना थांबवावे आणि १.४ ते १०.६ मीटर हा टप्पा चालून पाहायला लावावा. पाणी आले ते एका टोकाला आणि जीव निःसंशय दिसतो तो दुसऱ्या टोकाला. निर्जीवाचे सजीव झाले ते या नऊ मीटरांत कोठेतरी. नंतरच्या खुणा भराभर आटोपाव्यात. हवेत ऑक्सिजन साचू लागला तो सुमारे २१ मीटरवर. आपल्या खान्देशाचा काळा दगड शेवटच्या टोकापासून अवघ्या ६६ सेंटिमीटरवर येतो आणि आपली मानवजात शेवटच्या ३ मिलिमीटरांत. काळ्या दगडाची खूण बांधताना घाई करू नये, कारण लाव्हारसाचा दगड म्हणजे पृथ्वीच्या जन्माच्या वेळचा दगड अशी मुलांची पक्की समजूत असते. महाराष्ट्रातले फार जुने खडक पाहायचे तर पूर्व विदर्भात जावे लागते.

सुतळीवर उभे राहूनच त्या काळचे दृश्य सांगावे. सूर्य आजच्या सुमारे ७० टक्केच प्रखर होता. कार्ल सेगन आणि जॉर्ज मुलन यांनी १९७२ साली विचारले की अशा सूर्याखाली समुद्र गोठले कसे नाहीत, आणि त्याचे आजचे मुख्य उत्तर कार्बन डायऑक्साइडसारख्या हरितगृह वायूंच्या दाट आवरणात शोधले जाते. हवेत नायट्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ होती. ऑक्सिजन नसल्याने ओझोन नव्हता, म्हणून अतिनील किरण थेट जमिनीपर्यंत येत. चंद्र जवळ होता, भरती-ओहोटी मोठी होती, दिवस आजच्यापेक्षा बराच लहान होता, आणि जमीन म्हणावी अशी फार थोडी होती. या यादीतली प्रत्येक गोष्ट मुलांना भयंकर वाटते. म्हणून लगेच सांगावे की जीवासाठी लागणारे नाजूक कार्बनी रेणू मोकळ्या ऑक्सिजनमध्ये टिकत नाहीत. तो त्यांना जाळून टाकतो. ऑक्सिजनचा अभाव ही त्या वेळची अडचण नव्हती, तर जीव उभा राहण्याची अट होती. आपण ज्याला प्राणवायू म्हणतो त्याच्या अनुपस्थितीतच जीवाला सुरुवात करता आली, हे मला या सबंध विषयातले सर्वांत मोलाचे वाटते, आणि त्यासाठी एक तास जास्त गेला तरी चालेल.

दोन परीक्षानळ्यांत खिळे ठेवण्याचा पाठ्यपुस्तकातला प्रयोग येथे जोडावा. उकळून गार केलेल्या पाण्यावर तेलाचा थर दिला की खिळा गंजत नाही, उघड्या पाण्यात गंजतो. आद्य समुद्रात लोह विरघळलेले राहिले ते याच कारणाने. पुढे ऑक्सिजन वाढला तेव्हा ते गंजून तळाशी बसले. गडचिरोलीच्या सुरजागडचे लोहखनिज अशाच जातीच्या पट्टेदार खडकांत आहे.

दगडावर आटणारे पाणी

प्रथिने ज्या अमिनो आम्लांची बनतात ती एकमेकांना जोडली जातात तेव्हा प्रत्येक सांध्यातून पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. सभोवती पाणीच पाणी असेल तर ही जोडणी होण्यापेक्षा तुटण्याकडे कल अधिक. म्हणजे जीवाला पाणी हवे, पण सुरुवातीच्या साखळ्या बनायला मधूनमधून पाणी जायलाही हवे. डेव्हिड डीमर यांच्यासारखे शास्त्रज्ञ म्हणून जमिनीवरच्या, भरणाऱ्या आणि आटणाऱ्या डबक्यांकडे पाहतात.

हे दाखवायला एक खोलगट काळा दगड घ्यावा, ओढ्याकाठी असे दगड पुष्कळ मिळतात. मीठ आणि तुरटी घातलेले पाणी त्या खळग्यात ओतून दगड उन्हात ठेवावा. दुपार उलटते तसे पाणी मध्याकडे सरकते आणि काठाला पांढरी कड धरते. भिंगातून पाहिल्यास कड सलग नसते : बाहेर बारीक भुकटी, तिच्या आत चौकोनी मिठाचे कण आणि दगडाच्या छिद्रांत तुरटीचे चकाकणारे कोपरे. पुन्हा पाणी घालावे, पुन्हा आटू द्यावे. दर फेरीला पदार्थ त्याच छिद्रांत जास्त दाट साचतात. एवढ्या मोठ्या समुद्रात विखुरलेले रेणू एकत्र कसे आले असतील, याचे एक उत्तर येथे मिळते. साखळ्या मात्र या दगडावर तयार होत नाहीत, तसे मुलांना भासवू नये.

दुसरा प्रयोग आवरणाचा. सजीवाला आत आणि बाहेर असा भेद लागतो, आणि सर्वांत साधे आवरण मेदाम्लांच्या, म्हणजे तेल-तुपातल्या आम्लांच्या, रेणूंचे बनू शकते. साबण हा मेदाम्लांचाच क्षार असल्यामुळे त्यावर हे समजावता येते. कपडे धुण्याच्या वडीचा कीस दोन पेल्यांत घ्यावा. डिटर्जंट पावडर चालणार नाही. एका पेल्यात साठवलेले पावसाचे किंवा आरओचे पाणी आणि दुसऱ्यात बोअरचे जड पाणी घालून ढवळावे. पहिल्यात फेस येतो, दुसऱ्यात पांढरट गुठळ्या तरंगतात, कारण जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मेदाम्लांना धरून साका करतात. समुद्राच्या पाण्यात हे क्षार विपुल असतात, तेव्हा मेदाम्लांची नाजूक आवरणे समुद्रात टिकली असती का, ही शंका रास्त ठरते. गोड्या पाण्याच्या डबक्यांच्या बाजूने दिला जाणारा हा एक सबळ मुद्दा आहे.

उनपदेवची सहल

चोपडा तालुक्यात अडावदजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी उनपदेव येथे गरम पाण्याचा झरा आहे. हे श्रद्धास्थान आहे आणि लोक तेथे स्नान करतात, तेव्हा यात्रेचे दिवस टाळून जावे, व्यवस्था पाहणाऱ्यांना आधी विचारावे आणि स्नानाच्या पाण्यात कोणतेही उपकरण बुडवू नये. बाहेर वाहून जाणाऱ्या पाण्याची मोजणी पुरेशी आहे. थर्मामीटर, पीएच कागद, भिंग आणि वही एवढेच साहित्य न्यावे. पाण्याजवळ मुलांना एकटे सोडू नये.

वाहत्या पाण्याच्या कडेने चार-पाच ठिकाणी तापमान घ्यावे आणि प्रत्येक ठिकाणी दगडावर धरलेल्या थराचा रंग लिहावा. पाणी जसे निवत जाते तसे थराचे रंग आणि जाडी बदलतात का, हे मुलांनी स्वतः शोधावे. प्रकाशसंश्लेषण करणारे जिवाणू साधारण ७३ अंश सेल्सिअसपर्यंतच टिकतात, त्यामुळे रंग आणि तापमान यांचा मेळ घालणे हा चांगला अभ्यास होतो. पिल्बारातील ३४८ कोटी वर्षांपूर्वीच्या त्याच खडकांत जमिनीवरच्या गरम झऱ्यांच्या खुणा मिळाल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झाले, हे झऱ्याच्या काठावरच सांगावे.

आणखी एक गैरसमज येथेच दूर करावा. या झऱ्याखाली ज्वालामुखी नाही. पावसाचे पाणी भेगांतून खोल जाते, पृथ्वीच्या अंतर्गत उष्णतेने तापते आणि तापी खोऱ्याच्या उत्तरेकडील भ्रंशांच्या वाटेने वर येते. तापलेले पाणी आणि खडक यांच्यात रासायनिक देवघेव होते, हे परतताना खदानीच्या दगडांत दाखवता येते. जळगाव जिल्ह्यातील सावद्याच्या परिसरातल्या गारगोट्या जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहेत. परवानगी घेऊन, सुरुंगाचे काम बंद असताना, बाहेर टाकलेल्या दगडांतला एखादा पोकळी असलेला तुकडा निवडावा. लाव्हारसातल्या वायूच्या बुडबुड्याची ती पोकळी असते. भिंतीला हिरवट पातळ अस्तर, त्यावर स्टिल्बाइट या खनिजाचे फिकट जुडगे आणि कधी अपोफिलाइट या दुसऱ्या खनिजाचे टोकदार स्वच्छ स्फटिक. भिंतीकडून आत येत जाणारा हा क्रम म्हणजे गरम पाण्याने खडकातून काय काय विरघळवून आणून ठेवले त्याची नोंद आहे. आद्य समुद्राच्या तळाशी बेसॉल्टसारखाच, म्हणजे आपल्या काळ्या दगडासारखाच, खडक आणि पाणी यांचा असा संबंध सतत चालू होता.

समुद्रतळाची बाजूही पुरेशी सांगावी. १९७७ साली गॅलापागोसजवळ खोल समुद्रात गरम पाण्याचे स्रोत आणि त्यांच्याभोवती सूर्यप्रकाशावाचून वाढणारी जीवसृष्टी सापडली. २००० साली अटलांटिकच्या तळाशी लॉस्ट सिटी हे अल्कधर्मी पाण्याचे क्षेत्र सापडले, जेथे पाणी आणि खडक यांच्या अभिक्रियेतून हायड्रोजन वायू निघतो, आणि तोच जिवाणूंचे अन्न ठरतो. ऊर्जेच्या दृष्टीने ही जागा उत्तम, रेणू दाट साचण्याच्या दृष्टीने डबके उत्तम. माझा कल डबक्याकडे आहे, पण वर्गात दोन्ही बाजू सारख्याच ताकदीने मांडाव्यात.

मिलरचा प्रयोग फळ्यावरच

१९२४ साली रशियन शास्त्रज्ञ ओपारिन आणि १९२९ साली ब्रिटिश शास्त्रज्ञ हाल्डेन यांनी, निर्जीव रसायनांतून जीव घडला असावा, ही कल्पना स्वतंत्रपणे मांडली. हाल्डेन पुढे १९५७ साली भारतात आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे वारले. १९५३ साली शिकागो विद्यापीठात स्टॅन्ली मिलर यांनी हॅरल्ड युरी यांच्या मार्गदर्शनाखाली या कल्पनेची परीक्षा घेतली. मिथेन, अमोनिया आणि हायड्रोजन भरलेल्या काचेच्या उपकरणात पाणी उकळत ठेवून त्यांनी आठवडाभर विजेच्या ठिणग्या पाडल्या. पहिल्या दिवसानंतर पाणी गुलाबी झाले, आठवड्याअखेर गडद लाल आणि गढूळ. त्यात ग्लायसिन आणि अ‍ॅलानिनसारखी अमिनो आम्ले मिळाली. मिलर यांच्या निधनानंतर त्यांच्या जुन्या कुप्या पुन्हा तपासल्या गेल्या, आणि २००८ साली त्यांत आणखी अनेक अमिनो आम्ले असल्याचे दिसून आले. हा प्रयोग शाळेत कोणत्याही परिस्थितीत करू नये. हे वायू आणि ठिणगी एकत्र म्हणजे स्फोटाला आमंत्रण. फळ्यावर आकृती काढून समजावणे पुरेसे आहे.

त्याची मर्यादाही सांगावी. त्या काळची हवा मिलर यांनी धरली तितकी हायड्रोजनयुक्त नव्हती असे आज मानले जाते, आणि कार्बन डायऑक्साइड-नायट्रोजनच्या हवेत उत्पन्न बरेच कमी येते. पण कार्बनी रेणूंची आवक आकाशातूनही होती : २८ सप्टेंबर १९६९ रोजी ऑस्ट्रेलियात मर्चिसन येथे पडलेल्या उल्केत सत्तरहून अधिक अमिनो आम्ले सापडली आहेत. विटा मिळाल्या म्हणजे घर झाले असे मात्र नाही. स्वतःची प्रत काढणारा रेणू हवा, आणि त्यासाठी पेशीतल्या आरएनए या डीएनएच्या भावंड रेणूकडे पाहिले जाते, कारण तो माहिती साठवतो आणि काही वेळा अभिक्रियाही घडवतो. हा दुसरा गुण दाखवून दिल्याबद्दल थॉमस चेक आणि सिडनी ऑल्टमन यांना १९८९ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

शेवटी एखादे मूल विचारतेच की मग आज कोठे नव्याने जीव का निर्माण होत नाही. त्याचे उत्तर डार्विन यांनी १८७१ साली एका पत्रात दिले होते : असे द्रव्य आज तयार झाले तर सध्याचे सजीव ते लगेच खाऊन टाकतील. त्याला ऑक्सिजनची जोड द्यावी, म्हणजे खिळ्याच्या प्रयोगाशी दुवा जुळतो. मग बाटली शाळेच्या आवारात झाडाच्या आळ्यात रिकामी करावी, वर्गात नव्हे, कारण सडक्या अंड्यासारखा वास बराच वेळ जात नाही.